वरळीच्या दिव्यांखालचीं मल्लयुद्धें

एखाद्या माणसाचें विशेषनाम लोकांच्या तोंडीं सामान्यनाम होऊन बसावें, याहून त्याच्या कीर्तीचा मोठा पुरावा नाहीं. आमच्या लहानपणीं एखाद्या पोरानें भरलेली कळशी एकट्यानें उचलण्याचा आव आणला, कीं माजघरांतून शब्द येत, “मोठा दारासिंग लागून गेलास!” आमच्या आजीनें उभ्या जन्मांत कुस्ती पाहिली नव्हती, परंतु दारासिंग हें नांव तिच्या जिभेवर भीमाच्या शेजारीं जाऊन बसलें होतें. दोन पोरें झोंबाझोंबी करूं लागलीं, कीं त्यांतला लठ्ठ तो किंगकाँग आणि उरलेला दारासिंग, ही वांटणी चाळींत कोणाला शिकवावी लागत नसे. मात्र किंगकाँग व्हावयास कोणी खुशीनें तयार होत नसे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे मला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

ज्या वाचकांचें बालपण सन १९५५ ते १९७० च्या सुमारास मुंबईंत गेलें, त्यांना वरळीचें वल्लभभाई पटेल स्टेडियम म्हटलें कीं काय आठवतें हें मीं सांगावयास नकोच. आमचें कुटुंब तेव्हां गिरगांवांतील एका चाळींत तीन खोल्यांत सोळा माणसें असें नांदत होतें. धाकटे काका एका कचेरींत कारकून होते आणि त्यांना ‘फ्री स्टाइल’ कुस्त्यांचें विलक्षण वेड. पगार झाला कीं सर्वांत स्वस्त तिकिटें काढून ते आम्हां दोघांतिघां पुतण्यांना घेऊन निघत. घरीं सांगतांना “मुलांना जरा समुद्रावर नेऊन आणतों” एवढेंच सांगत. आणि वरळीला समुद्र आहेच, तेव्हां तें अगदींच असत्य म्हणतां यावयाचें नाहीं.

त्या स्वस्त जागा रिंगपासून इतक्या दूर असत, कीं मल्ल अंगठ्याएवढे दिसत. पण भोंवतालचे दिवे मंदावले आणि मधल्या चौकोनावर प्रखर झोत पडला, कीं हजारों माणसें एकदम गप्प होत. पुण्याकोल्हापूरच्या आखाड्यांतलें ओळखीचें असें तेथें कांहींच नसे. ना तांबडी माती, ना त्या मातींत कालवलेल्या हळदीताकाचा वास, ना हलगीचा कडकडाट. एक उंच चौकोनी ओटा, त्याच्या भोंवतीं ताणलेले दोर, पांढऱ्या कपड्यांतला पंच, आणि ध्वनिक्षेपकावरून मल्लाचें वजन मोठ्या थाटानें सांगणारा निवेदक. फेऱ्या ठरलेल्या, मधून मधून विश्रांति, तिहींतून दोनदां चीत करील तो विजयी. आखाड्यांत एकदां पाठ मातीला लागली कीं कारभार आटोपला. येथें हरलेला मल्ल उठून पुन्हां उभा राही, आणि त्या उठण्यांतच सारी गंमत होती.

मुख्य जोड शेवटीं लागे. तोंवर लहानसहान कुस्त्यांनीं प्रेक्षकांना तापवीत आणलेलें असे. टायगर जोगिंदरसिंग, सौदागरसिंग, दारासिंगाचा धाकटा भाऊ रंधावा, कॅनडाचा जॉर्ज गोर्डिएंको, तोंडावर बुरखा चढवून येणारे कोणी निनांवी मल्ल. हीं नांवें आम्ही श्लोकांसारखीं पाठ केलीं होतीं. बुरखाधारी मल्ल हटकून दुष्ट असे. पंचाची पाठ फिरली कीं तो प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत बोटें घाली, दोरांत गळा अडकवी; आणि चार आण्यांच्या शेंगा खात बसलेला सज्जन गृहस्थसुद्धां ताडकन् उभा राहून पंचाला शिव्यांची लाखोली वाही. आमचे काका एरवीं एकारान्ती आवाज न चढविणारे. परंतु वरळीला त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत, ते घरीं उच्चारावयाचे नाहींत अशी आम्हांला जातांनाच ताकीद असे.

मग तो येई. किंगकाँग! त्याचें खरें नांव एमिल चाया. सन १९०९ मध्यें त्याचा जन्म ब्राशोव्ह गांवीं झाला. हें गांव त्या वेळीं हंगेरींत होतें आणि आज रुमानियांत आहे. तारुण्यांत तो पूर्वेकडे आला आणि हिंदुस्थान, मलाया, सिंगापूर याच टापूंत त्यानें उरलें आयुष्य काढलें. त्याचें वजन दोनशें किलोच्या घरांत असल्याचें सांगत. दाढी वाढलेली, मान अशी नाहींच, आणि चालणें एखादा गाडा हलावा तसें. स्वराज्य मिळून दहाबारा वर्षें झालेलीं. गोरा माणूस आमच्या माणसाच्या हातून आपटला जातांना पाहणें, या आनंदाची बरोबरी त्या पिढीला दुसऱ्या कशांत सांपडत नव्हती. या बिचाऱ्याच्या देशानें आमच्यावर एक दिवसहि राज्य केलें नव्हतें, हा विचार तेव्हां कोणाला सुचला नाहीं, आणि सुचता तरी कोणी मनावर घेतला नसता.

दारासिंग त्यापुढें सडपातळच दिसे, जरी त्याचें वजन सव्वाशें किलोंहून अधिक होतें. अमृतसर जिल्ह्यांतील धर्मूचक हें त्याचें गांव. जन्म १९ नोव्हेंबर १९२८ चा. फाळणीच्या सुमारास पोटासाठीं तो सिंगापुरास गेला, तेथें पत्र्याचीं पिंपें करण्याच्या कारखान्यांत राबला, आणि हरनामसिंग या वस्तादाजवळ कुस्ती शिकला. मलायांत नांव काढून तो मायदेशीं परतला. सन १९५४ मध्यें ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाला. आणि सन १९५९ मध्यें कलकत्त्यास गोर्डिएंकोला हरवून त्यानें राष्ट्रकुलाचें अजिंक्यपद मिळविलें. रिंगमध्यें येतांना तो हात जोडी. हसणें गांवाकडच्या भोळ्या मुलासारखें. शेवटच्या फेरींत किंगकाँगचें तें धूड त्यानें उचललें, कीं शेजारचा अनोळखी माणूस आपल्या गळ्यांत पडे, आणि त्याची जातपात, भाषा, धंदा कोणी विचारीत नसे. सन १९६२ मध्यें ‘किंगकाँग’ नांवाचा चित्रपटच निघाला आणि त्यांत दारासिंग नायक झाला. पुढें त्याच्या मुमताजबरोबरच्या चित्रपटांचा जो पूर आला, त्याविषयीं न बोललेलें बरें. ते चित्रपट मीं सगळे पाहिले आहेत.

या साऱ्या उत्साहावर घरांत पाणी ओतणारे एकटे आजोबा. त्यांचें शिक्षण कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत झालेलें. शाहू महाराजांनीं बांधलेलें खासबागेचें मैदान सन १९१२ मध्यें खुलें झालें; तेथल्या कुस्त्या त्यांनीं डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. ते स्वतः रोज पहांटे नमस्कार घालीत. कुस्ती हें ब्राह्मणाचें काम नव्हे असें कोणी म्हटलें, कीं ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांचें नांव घेत. निजामाकडून आलेल्या मल्लाला लोळविणारा आणि मल्लखांबाची विद्या सांगणारा तो पुरुष भिक्षुकाच्याच घरचा, हें ते ठांसून सांगत. काकांना ते एकच वाक्य ऐकवीत : “अरे, ती नुरा कुस्ती. पैसे देऊन खोटें पाहतोस आणि वर घसा बसवून घेतोस!”

नुरा कुस्ती म्हणजे आधीं ठरवून केलेली कुस्ती. दोघे मल्ल आपसांत संगनमत करतात, कोणीं कितव्या फेरींत पडावयाचें हें ठरतें, आणि प्रेक्षकांना खेळ मिळतो. काका म्हणत, “अण्णा, तुम्ही एकदां येऊन पाहा आणि मग बोला.” आजोबा म्हणत, “खरी कुस्ती पाहिलेल्या माणसाला तिकीट काढावें लागत नाहीं. खरी कुस्ती कंटाळवाणी असते.” हें वाक्य तेव्हां मला चमत्कारिक वाटे. पुढें गामा पैलवानाची हकीकत वाचल्यावर त्यांतलें मर्म ध्यानांत आलें.

गामा सन १९१० मध्यें लंडनला गेला. उंचीनें तो साडेपांच फुटांहून जेमतेम अधिक, म्हणून तिकडच्या स्पर्धेंत त्याला कोणी घेईना. तेव्हां कोणतेहि तीन मल्ल अर्ध्या तासांत चीत करण्याचें जाहीर आव्हान त्यानें दिलें. अमेरिकन मल्ल रोलर याला त्यानें लीलेनें लोळविलें, आणि मग १० सप्टेंबर रोजीं पोलंडचा विख्यात मल्ल स्टानिस्लाउस झ्बिस्को त्याच्यासमोर उभा राहिला. उभा कसला! थोड्याच वेळांत तो पोटावर पालथा पडला आणि घोरपडीसारखा जमिनीला चिकटून राहिला. गामा त्याला उलथविण्याची खटपट करी आणि तो चिकटून राही. असें अडीच तासांहून अधिक वेळ चाललें. अखेर निकालावांचून कुस्ती सोडवावी लागली. आठवड्यानें पुन्हां जोड ठरली, तेव्हां झ्बिस्को आलाच नाहीं, आणि जॉन बुल पट्टा व अडीचशें पौंड गामाला मिळाले. सन १९२८ च्या जानेवारींत पतियाळास दोघांची पुन्हां गांठ पडली. या वेळीं गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत आकाश दाखविलें. खरी कुस्ती ही अशी. अडीच तास कांहींच घडत नाहीं, नाहीं तर पान लावीपर्यंत सगळें संपून जातें. दोन्ही परींनीं तिकीट काढून बसलेल्याचा हिरमोड!

अमेरिकेंतल्या व्यवस्थापकांनीं हें दुखणें ओळखलें आणि सन १९२० नंतरच्या दशकांत कुस्तीचें नाटक करून टाकलें. फेऱ्या, दोरावरून उड्या, सज्जन आणि दुर्जन मल्लांच्या जोड्या, सूडाच्या सामन्यांची मालिका. वरळीला आम्ही पाहिलें त्यांतलें पुष्कळसें तिकडून आलेलें. गंमत अशी कीं, या नाटकांतहि मधूनच खरी कुस्ती डोकें वर काढी. सन १९२५ मध्यें वेन मन नांवाच्या एका फुटबॉलपटूला व्यवस्थापकांनीं अजिंक्यवीर बनविलें होतें. त्याच्यापुढें ठरल्याप्रमाणें पडावयाचें काम झ्बिस्कोकडे आलें. म्हाताऱ्यानें ऐन वेळीं तें जुमानलें नाहीं आणि खराखुरा डाव टाकून त्या बाहुल्याला भर सभेंत चीत केलें! हाच झ्बिस्को सन १९५० च्या ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटांत, नकली कुस्तीचा तिटकारा करणाऱ्या एका वृद्ध मल्लाच्या भूमिकेंत दिसतो. मीं तो चित्रपट फार उशिरां पाहिला. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यांत मला आमचे आजोबाच दिसले.

आमच्या आत्याचें या वादांत वेगळेंच म्हणणें असे. ती बालविधवा, शिवणकाम करून घरखर्चास हातभार लावी आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाची. तिच्या मतें सगळ्या पैलवानांत थोर अलीगढची हमीदाबानू. सन १९५४ मध्यें या बाईनें जाहीर केलें कीं, जो मला कुस्तींत हरवील त्याच्याशीं मी लग्न करीन. दोन मल्ल तिनें आधींच लोळविलेले होते. मे महिन्यांत बडोद्यास बाबा पैलवान तिच्यासमोर आला आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत झाला. त्याच्या आधीं ठरलेल्या मल्लानें तर बाईमाणसाशीं लढणार नाहीं म्हणून अंग काढून घेतलें होतें. त्याच वर्षीं मुंबईस वेरा चिस्तिलिन नांवाच्या रशियन मल्ल-स्त्रीला तिनें मिनिटाच्या आंत पाडलें. आत्या हें सांगे तेव्हां तिचे डोळे चमकत आणि सुई हातांतच राही.

परंतु आमच्या महाराष्ट्रानें त्या बाईचें स्वागत कसें केलें? कोल्हापुरास तिनें एका पुरुष-मल्लाला हरविलें, तर लोकांनीं दगड मारले आणि पोलिसांना मध्यें पडावें लागलें. पुण्यांतली ठरलेली कुस्ती रद्द झाली. तिनें मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली, तेव्हां त्यांनीं उत्तर दिलें तें असें कीं, ती स्त्री आहे म्हणून बंदी नाहीं. तिच्यापुढें नकली मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. हें उत्तर खरें असेल, खोटें असेल. पण त्याच मुंबईंत पुढें वर्षानुवर्षें पुरुषांच्या ठरवून केलेल्या कुस्त्या राजरोस चालल्या आणि त्यांना मोठे मोठे लोक पहिल्या रांगेंत बसून टाळ्या देत होते, याची संगति मला आजवर लावतां आलेली नाहीं. आत्या एवढेंच म्हणे, “बाई जिंकली कीं तेवढी नुरा!”

आजोबांचा खरा राग मात्र नाटकावर नव्हता. सन १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांत हेलसिंकीस खाशाबा जाधव यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र हिंदुस्थानच्या कोणाहि खेळाडूचें तें पहिलें वैयक्तिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम कॉलेजचा, म्हणजे आजोबांच्या कॉलेजचा. त्याच्या प्रवासखर्चासाठीं प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण ठेविलें, ही गोष्ट आजोबा सांगत तेव्हां त्यांचा आवाज कांपे. परत आल्यावर कऱ्हाडास शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग सारें शांत झालें. खाशाबा पोलिसखात्यांत नोकरीस लागले. १९८४ मध्यें रस्त्यावरील अपघातांत गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला तो मृत्यूनंतर जवळजवळ सतरा वर्षांनीं. “खऱ्या कुस्तीला घर गहाण आणि खोट्या कुस्तीला स्टेडियम भरलेलें,” असें आजोबा म्हणत, आणि यावर काकांजवळ उत्तर नसे. माझ्याजवळहि नाहीं.

तथापि दारासिंगला निव्वळ नट म्हणणें हाहि अन्याय होईल. २९ मे १९६८ रोजीं मुंबईंतच त्यानें लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरविलें आणि तो ‘जगज्जेता’ ठरला. थेझ तेव्हां बावन्न वर्षांचा होता आणि त्याचें शेवटचें मोठें अजिंक्यपद दोन वर्षांपूर्वींच गेलेलें होतें. तेव्हां त्या जगज्जेतेपदाचें मोल वाचकांनीं आपापल्या परीनें करावें. पण हाच थेझ, ज्याला हातपाय मोडण्याचे खरे डाव येत होते, त्यानें पुढें आपल्या आत्मचरित्रांत दारासिंग हा अस्सल कुस्तीगीर असून शरीर कमालीचें कमावलेला होता अशी साक्ष दिली आहे. आणि खरें-खोटें यांतली भिंत किती पातळ असते, तें सन १९७६ च्या डिसेंबरांत कराचीस दिसलें. गामाच्या घराण्यांतील अक्रम पैलवान आणि जपानचा इनोकी यांचा सामना खेळाचा न राहतां खरा झाला, आणि अक्रमचा हात निखळला तरी त्यानें हार कबूल केली नाहीं.

पुढें सन १९८९ मध्यें न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें डब्ल्यू. डब्ल्यू. एफ. या कंपनीनें आपणहून कबुली दिली कीं, आमचे सामने ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. सरकारी देखरेख आणि कर टळावा हा त्यांतला हेतु. माझीं नातवंडें लहान होतीं तेव्हां दूरचित्रवाणीवर तेच सामने पाहत. त्यांना तें ठाऊक होतें आणि तरीहि तीं ओरडत. आमच्या घरांत तोंवर दारासिंग देवपदाला पोंचला होता. सन १९८७ मध्यें रविवारच्या सकाळीं रामायणाची मालिका सुरू झाली आणि तो हनुमंताच्या वेषांत समोर आला, तेव्हां आमच्या आईनें हात जोडले. तालमींत मारुतीच्या तसबिरीपुढें नारळ फोडणाऱ्या मुलखांत याहून नैसर्गिक शेवट एका पैलवानाला लाभावयाचा नाहीं. १२ जुलै २०१२ रोजीं तो मुंबईंतच वारला. किंगकाँग त्याच्या कितीतरी आधीं, सन १९७० मध्यें, मोटारीच्या अपघातानंतर सिंगापुरास वारला होता.

राहतां राहिली आजोबांची हकीकत. काकांच्या आग्रहाला कंटाळून ते एकदां, एकदांच, वरळीला आले. सन १९६० च्या आसपासची गोष्ट असेल. धोतर, कोट, काळी टोपी, हातांत काठी. मुख्य सामना दारासिंग आणि किंगकाँग यांचाच होता. सारें स्टेडियम उसळत होतें आणि आजोबा काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून देवळांत कीर्तन ऐकावें तसे स्वस्थ बसले होते. शेवटच्या फेरींत दारासिंगानें तो प्रचंड देह खांद्यावर घेतला, गरगर फिरविला आणि खालीं टाकला. आम्ही नाचूं लागलों. आजोबांनीं चष्मा पुसला.

परत येतांना बसमध्यें काकांनीं भीत भीत विचारलें, “मग अण्णा, कसें काय वाटलें?”

“पोरगा मेहनती आहे,” आजोबा म्हणाले. “मान पाहिलीस? तसली मान नुरा कुस्तीनें होत नाहीं.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “पण उचललें कोणीं तें तुम्हां कोणाला दिसलें नाहीं. तो लठ्ठ गृहस्थ अंग चोरतां, तर पांच मणांचा तो देह हाललाहि नसता. त्यानें ऐन क्षणीं पाय टेकवून स्वतःला वर दिलें, आणि पडतांना पाठ अशी टाकली कीं हाड मोडूं नये आणि आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जावा. त्या वयांत, त्या वजनांत, रोज! आणि तुम्ही सगळे त्याला शिव्या देत होतां.”

त्यानंतर ते पुन्हां वरळीला आले नाहींत. नुरा कुस्तीवरचें त्यांचें मतहि तिळभर बदललें नाहीं. पण आम्ही रात्रीं उशिरां घरीं परतलों, कीं अंधारांत त्यांच्या अंथरुणांतून प्रश्न येई, “काय रे, किंगकाँग आला होता का आज? लागलें-बिगलें नाहीं ना त्याला?”